संगणक पाठ : वाडीतले एकही घर चुकू नये
(ऑब्जेक्टच्या यादीवरून लूप कसा फिरतो)



ऊस लागणीची नोंद, तोडणीचा क्रम, काट्यावरचे वजन आणि शेवटी बिल, ही चारही कामे पूर्वी जाडजूड वह्यांत होत असत. आता ती संगणकात होतात. वहीत आपले नाव बोट ठेवून शोधता येत होते. संगणकात ते कुठे आहे आणि त्याच्यापर्यंत हिशेबाचा हात कसा पोहोचतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. घाटाखालच्या वैभववाडी-कणकवलीकडील सभासद आला, की खिडकीपाशी पहिला प्रश्न विचारतो, "माझा नाव यादीत असा मा?" प्रश्न साधा आहे, पण अगदी नेमका आहे. हा सगळा पाठ त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा.

आपल्यापैकी कित्येकांची मुलेमुली कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकत आहेत. पुस्तकात त्यांना मोटारी, कुत्री-मांजरे, बँकेची खाती अशी उदाहरणे मिळतात. म्हणून आम्ही येथे उसाचेच उदाहरण घेतले आहे. बापाने वाचावे आणि मुलीने संगणकावर करून दाखवावे, किंवा उलट. दोघांनाही उपयोग व्हावा हा हेतू.

१. ऑब्जेक्ट म्हणजे काय?

शेतकी खात्याचा एक छापील फॉर्म डोळ्यांसमोर आणा. त्यावर रकाने आहेत : सभासद क्रमांक, गाव, गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीचा प्रकार, लागणीची तारीख. कोरा फॉर्म म्हणजे नुसता साचा. त्याला क्लास म्हणतात. तो भरून एका फडाची नोंद झाली की जी वस्तू तयार होते, ती ऑब्जेक्ट. साचा एक, नोंदी हजार.

इथपर्यंत कागदात आणि संगणकात फारसा फरक नाही. फरक पुढे आहे. कागदी फॉर्म मुका असतो, हिशेब कारकुनाने करायचा असतो. ऑब्जेक्टला मात्र काही कामे स्वतःची स्वतः करता येतात. त्याला विचारले, "तुझे एकूण वजन किती?" की तो आपल्या खेपा मोजून आकडा देतो. "तुझे बिल किती?" म्हटले की वजनाला दराने गुणून सांगतो. अशा शिकवून ठेवलेल्या कामाला मेथड म्हणतात. थोडक्यात, ऑब्जेक्ट म्हणजे माहिती आणि त्या माहितीवर करायची कामे यांची एकत्र बांधलेली मोळी.

२. लूप म्हणजे काय?

चतुर्थीच्या दिवसांत सिंधुदुर्गातल्या वाडीवाडीत भजनाची फेरी निघते. मालवणात घ्या, कुडाळात घ्या, रीत तीच. मंडळी पहिल्या घरी जातात, आरती-भजन होते, यजमान जे काही देईल ते घेतात आणि पुढच्या घरी जातात. शेवटचे घर झाले की फेरी संपली. श्रीमंताचे घर असो की गरिबाचे, एक घर जरी चुकले तरी त्याचा बोल वर्षभर ऐकावा लागतो.

या फेरीत चार गोष्टी आहेत. घरांची यादी आहे. 'आता ज्या घरी आहोत ते घर' आहे. प्रत्येक घरी करायचे ठराविक काम आहे. आणि यादी संपली की थांबायचे आहे. लूप म्हणजे हेच. आमच्या मराठीत लिहायचे तर असे :

    प्रत्येक नोंद, नोंदवहीतली :
        नोंद.बिल छाप

पहिल्या ओळीत फेरी कोणत्या यादीवरून काढायची ते सांगितले. दुसरी ओळ थोडी आत सरकवून लिहिली आहे, कारण ते घरोघर करायचे काम आहे. मधला टिंब म्हणजे 'ची' किंवा 'चे' : नोंदीचे बिल. पायथॉन भाषेत ही पहिली ओळ 'फॉर' आणि 'इन' या दोन शब्दांनी लिहितात. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ पासून नोंद, वजन, दर ही नावे देवनागरीत ठेवली तरी चालतात, फक्त फॉर-इनसारखे भाषेचे स्वतःचे शब्द इंग्रजीच राहतात. तेव्हा ज्यांना घरी करून बघायचे आहे त्यांना भाषेची अडचण वाटायचे कारण नाही.

३. तीन नोंदींचा हिशेब

समजा, नोंदवहीत तीनच नोंदी आहेत. आकडे पाठापुरते घेतलेले आहेत.

क्रमांक ११०, पूर्वहंगामी, खेपा तीन : ११.२४०, १०.८६५ आणि ९.४१५ टन.
क्रमांक १११, खोडवा, खेपा दोन : ८.३०० आणि ७.१५० टन.
क्रमांक ११२, सुरू, खेपा दोन : १०.१२० आणि १०.४८० टन.

आता एकूण ऊस किती आला ते काढू.

    एकूण = ०
    प्रत्येक नोंद, नोंदवहीतली :
        एकूण = एकूण + नोंद.वजन
    एकूण छाप

फेरी सुरू होण्याआधी झोळी रिकामी आहे. पहिल्या घरी ३१.५२० पडले. दुसऱ्या घरी १५.४५० पडून ४६.९७० झाले. तिसऱ्या घरी २०.६०० पडून ६७.५७० झाले. मग छापले. दर टनास ३,००० रुपये धरला तर बिले अनुक्रमे ९४,५६० रुपये, ४६,३५० रुपये आणि ६१,८०० रुपये होतात. बेरीज २,०२,७१० रुपये. ६७.५७० ला ३,००० ने गुणले तरी तेच येते. दोन वाटांनी काढलेला आकडा जुळला, की हिशेबावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ही सवय संगणक आला म्हणून सोडायची नाही.

येथे लक्षात घ्या, 'नोंद.वजन' म्हणताना लूपने खेपा मोजल्या नाहीत. त्या त्या नोंदीने आपल्या खेपांवरून स्वतःची एक छोटी फेरी काढली आणि आकडा दिला. म्हणजे लूपच्या पोटात लूप आहे : बाहेरची फेरी नोंदींवरून, आतली फेरी खेपांवरून. वाडीतल्या प्रत्येक घरी जायचे आणि त्या घरातल्या प्रत्येकाला गंध लावायचे, तसेच हे. आतली फेरी पुरी झाल्याशिवाय बाहेरची पुढे सरकत नाही.

४. प्रश्न एक, उत्तरे वेगळी

भजनी मंडळी प्रत्येक घरी एकाच सुरात आरती म्हणतात. पण एका घरी काळ्या वाटाण्याची उसळ मिळते, दुसऱ्या घरी करंज्या, तिसऱ्या घरी नुसता चहा. काय द्यायचे ते घर ठरवते. ऑब्जेक्टच्या लूपची खरी ताकद इथे आहे.

तोडणीचा कार्यक्रम घ्या. आडसाली ऊस साधारण १६ ते १८ महिन्यांत, पूर्वहंगामी १४ ते १५ महिन्यांत, सुरू १२ ते १३ महिन्यांत पक्व होतो. खोडव्याचे महिने लागणीपासून नव्हे, तर आधीच्या तोडणीपासून मोजायचे, ते ११ ते १२ धरतात. जुन्या पद्धतीने प्रोग्रॅम लिहिला तर लूपच्या पोटात लांबलचक 'जर-तर' येते : जर आडसाली असेल तर असे, जर खोडवा असेल तर तसे. उद्या रोप लागणीचा वेगळा हिशेब ठेवायचा ठरला, की जिथे जिथे हे 'जर-तर' लिहिले आहे तिथे तिथे शोधून दुरुस्ती करावी लागते. एक जागा राहिली की त्या सभासदाचा ऊस फडात वाळला.

ऑब्जेक्टच्या पद्धतीत 'ऊसनोंद' हा मूळ साचा करतात आणि त्याच्यापासून आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असे चार साचे काढतात. मुलगे बापाचे आडनाव लावतात, पण स्वभाव आपापला. प्रत्येक साच्याला 'पक्वतेची तारीख' ही मेथड शिकवून ठेवली, की लूप एवढाच उरतो :

    प्रत्येक नोंद, नोंदवहीतली :
        नोंद.पक्वतेची_तारीख छाप

लूपला समोर खोडवा आहे की आडसाली हे ठाऊकही नसते. तो एकच प्रश्न विचारत जातो. उद्या पाचवा प्रकार आला तर एक नवा साचा लिहायचा, लूपला हात लावायचा नाही.

५. एकाच ऑब्जेक्टच्या आत फिरणे

आतापर्यंत आपण अनेक ऑब्जेक्टच्या यादीवरून फिरलो. कधी कधी एकाच ऑब्जेक्टच्या रकान्यांवरून फिरावे लागते. बिलातील कपाती आठवा : सोसायटीची वसुली, बेण्याची उधारी, खताची उधारी, भागाची रक्कम. प्रत्येक कपातीला नाव आहे आणि आकडा आहे. सगळ्या छापायच्या तर फेरी नाव-आकडा अशा जोडीवरून काढायची :

    प्रत्येक (नाव, रक्कम), कपातींतली :
        नाव, रक्कम छाप
        निव्वळ = निव्वळ - रक्कम

निव्वळची सुरुवात फेरीबाहेर एकूण बिलाने करायची, हे आता वेगळे सांगायला नको.

इथे शिकणाऱ्या मुलांची एक ठरलेली फसगत होते. जावास्क्रिप्ट भाषेत दोन फेऱ्या आहेत. 'फॉर-इन' ही रकान्यांच्या नावांवरून फिरते. 'फॉर-ऑफ' ही यादीतल्या प्रत्यक्ष वस्तूंवरून फिरते. ती २०१५ साली भाषेत आली. खेपांच्या यादीवरून चुकून 'फॉर-इन' फिरवली तर ११.२४०, १०.८६५ असे वजन मिळत नाही, तर ०, १, २ असे जागांचे क्रमांक मिळतात, आणि तेही अक्षररूपात. म्हणजे घरी जाऊन माणसाला भेटायचे सोडून दारावरचा नंबर लिहून परत आलो! उलट, साध्या ऑब्जेक्टवरून 'फॉर-ऑफ' फिरवायला गेले तर प्रोग्रॅम सरळ नकार देऊन थांबतो. शिवाय फॉर-इनला बापाकडून वारशाने आलेले रकानेही सापडतात, ते नको असतील तर वगळावे लागतात. म्हणून फेरी काढण्याआधी विचारावे : मला नावे हवीत, वस्तू हव्यात की दोन्ही?

६. लूपमधले पाच खड्डे

घाट चढताना खड्डा कुठे आहे हे माहीत असले की ड्रायव्हर गाडी सांभाळून नेतो. तसे हे पाच खड्डे. प्रत्येक खड्ड्यात शेवटी एखाद्या सभासदाचे पैसे अडकतात, म्हणून ते नीट वाचावेत.

पहिला खड्डा : झोळी दर घरी रिकामी करणे. 'एकूण = ०' ही ओळ चुकून आत सरकवून लिहिली, तर प्रत्येक नोंदीपाशी बेरीज पुन्हा शून्य होते. मग ६७.५७० ऐवजी शेवटच्या नोंदीचे २०.६०० एवढेच छापले जाते. एका ओळीचे सरकणे, पण सत्तेचाळीस टन ऊस हिशेबातून गेला.

दुसरा खड्डा : मोजणी एकपासून करणे. पायथॉन, जावा, जावास्क्रिप्ट या भाषांत यादीतली पहिली जागा शून्य क्रमांकाची असते. चार नोंदी असतील तर जागा ०, १, २, ३. जो १ ते ३ मोजतो त्याचा पहिला सभासद बाहेर राहतो. जो १ ते ४ मोजतो त्याचा पहिला तर राहतोच, शिवाय चौथ्या जागेवर काही नसल्याने बहुतेक भाषांत प्रोग्रॅम अडतो. 'प्रत्येक नोंद' अशी फेरी लिहिली तर क्रमांक मोजावेच लागत नाहीत. म्हणून जिथे जमेल तिथे तीच वापरावी.

तिसरा खड्डा, आणि हा सर्वांत वाईट : फेरी चालू असताना यादीतून नावे काढणे. दीड दिवसाचे गणपती विसर्जन झाले की ती घरे दुसऱ्या फेरीत नसतात, तेव्हा यादी कमी होणे बरोबरच आहे. पण चालता चालता नाव खोडायचे, बाकीची नावे वर सरकवायची आणि आपण मात्र 'पुढचा नंबर' म्हणून जायचे, असे केले तर काय होईल? समजा यादीत ११०, १११, ११२, ११३ अशा चार नोंदी आहेत आणि काम असे दिले आहे :

    प्रत्येक नोंद, नोंदवहीतली :
        नोंद.बिल छाप
        नोंदवहीतून नोंद काढ

शून्याव्या जागेवर ११० आहे. त्याचे बिल झाले, तो गेला. आता यादी १११, ११२, ११३ अशी वर सरकली. फेरी पुढच्या, म्हणजे एक नंबरच्या जागेवर गेली. तिथे ११२ आहे. त्याचे बिल झाले, तोही गेला. उरले १११ आणि ११३. फेरी दोन नंबरच्या जागेवर गेली. तिथे कोणीच नाही, म्हणून फेरी संपली. चार जणांपैकी दोघांचेच बिल निघाले! एक आड एक घर चुकले. पायथॉनमध्ये यादीच्या बाबतीत हे असे घडताना संगणक चकार शब्द काढत नाही. जावाच्या नेहमीच्या याद्यांत असा प्रकार दिसला तर ती भाषा सहसा काम थांबवून चूक दाखवते, ते परवडले.

उपाय सोपा आहे. यादीची नक्कल काढून नकलेवरून फिरावे आणि मूळ यादीतून काढावे. किंवा त्याहून बरे, जुन्या यादीला हात न लावता ज्यांचे बिल राहिले आहे अशांची नवी यादी तयार करावी. जुनी वही फाडू नये, नवी लिहावी. जुन्या कारकुनांची शिस्त संगणकालाही लागू आहे.

चौथा खड्डा : एकाच दरपत्रकावर सर्वांनी लिहिणे. लूपमधले 'नोंद' हे नाव म्हणजे ऑब्जेक्टची नक्कल नव्हे. ती नुसती चिठ्ठी आहे, फेरीबरोबर एका ऑब्जेक्टवरून दुसऱ्यावर चिकटत जाते. म्हणून 'नोंद.क्षेत्र' बदलले तर मूळ नोंदीतच बदल होतो. हे कळले की पुढचा घोटाळा कळेल. समजा तिन्ही नोंदी एकाच दरपत्रकाकडे बोट दाखवतात आणि त्यात दर ३,००० आहे. पन्नास रुपये वाढ द्यायची म्हणून कोणी लिहिले :

    प्रत्येक नोंद, नोंदवहीतली :
        नोंद.दरपत्रक.दर = नोंद.दरपत्रक.दर + ५०

दरपत्रक एकच असल्याने ते तीनदा वाढले. दर ३,०५० व्हायचा तो ३,१५० झाला. हजार नोंदी असत्या तर दर टनामागे पन्नास हजारांनी वाढला असता! इतकी मोठी चूक कोणालाही दिसते. पण दोन नोंदींच्या गटात ती पन्नास रुपयांची असते आणि नजरेतून सुटते. जी वस्तू सर्वांची मिळून एक आहे तिचे काम फेरीच्या बाहेर, एकदाच करावे.

पाचवा खड्डा : एका घरी कुलूप म्हणून फेरीच बंद. एखाद्या नोंदीत वजनाचा रकाना कोरा राहिला असेल, तर गुणाकार होत नाही आणि प्रोग्रॅम तिथेच थांबतो. मग त्या सभासदाचे तर नाहीच, पण त्याच्या पाठीमागच्या सगळ्यांचेच बिल राहते. याच्या उलट दुसरे टोक म्हणजे चूक आली की गुपचूप पुढे जाणे. तेही घातक, कारण कोणाचे राहिले हे कळतच नाही. बरोबर रीत अशी : अडलेली नोंद बाजूच्या यादीत लिहावी, फेरी पुढे चालू ठेवावी आणि शेवटी ती बाजूची यादी छापून माणसाच्या हाती द्यावी.

    प्रत्येक नोंद, नोंदवहीतली :
        नोंद.वजन कोरे असेल तर
            अडलेल्या_यादीत नोंद घाल
        नाहीतर
            नोंद.बिल छाप

७. ताळा

यांतल्या बहुतेक खड्ड्यांवर एक सोपा इलाज आहे : ताळा. फेरीला निघताना नोंदी किती, बिले किती निघाली आणि अडलेल्या किती, हे तीन आकडे छापावेत. निघताना १,२४० नोंदी असतील आणि १,२३३ बिले निघाली असतील, तर अडलेल्या यादीत बरोबर ७ नावे असली पाहिजेत. सहा असली तर एक सभासद कुठेतरी हरवला आहे आणि तो सापडेपर्यंत फाईल बँकेत जाता कामा नये. वजनाचाही तसाच ताळा : बिलांवरील टनांची आणि अडलेल्या नोंदींच्या टनांची मिळून बेरीज वजनकाट्याच्या बेरजेइतकी यायला हवी.

याची गरज एवढ्यासाठी की, ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. लूपने सोडलेला सभासद स्वतः ओरडेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्याला घाट चढून यायला दिवस मोडावा लागतो, तो दोनदा ओरडायला येईलच असे नाही. सहकारात शेवटच्या नावाची किंमत पहिल्या नावाइतकीच असते. तीच शिस्त ज्या लूपमध्ये नाही तो लूप सहकाराचा नव्हे.

८. ही कल्पना आली कुठून?

ऑब्जेक्टची कल्पना नॉर्वेची. ओस्लो येथील संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड या दोघांनी सिम्युला ही भाषा तयार केली. क्लास आणि ऑब्जेक्ट असलेली तिची आवृत्ती १९६७ ची. खऱ्या जगातल्या रांगा, वाहने, कामे यांची हुबेहूब नक्कल संगणकात करून बघावी, यासाठी त्यांना ती हवी होती. काट्यावर लागलेली ट्रॅक्टरची रांग पाहिली की त्यांचा प्रश्न आपल्याला लगेच समजतो. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात ॲलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक भाषा केली. तिच्यात यादी हीसुद्धा ऑब्जेक्टच. फेरी आपण काढायची नाही, यादीलाच सांगायचे, "तुझ्यातल्या प्रत्येकाकडून एवढे करून घे." १९९५ साली जावा आली. तिच्यात 'प्रत्येक' अर्थाची सोपी फेरी मात्र २००४ च्या आवृत्तीत आली. तोवर क्रमांक मोजत किंवा एक-एक वस्तू काढून देणारा मदतनीस नेमून फिरावे लागे.

ऊसकरी आणि संगणक यांची गाठ आपल्याच भागात लवकर पडली. १९९८ साली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या साहाय्याने वारणानगर परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांत 'वायर्ड व्हिलेज' योजना सुरू झाली. गावातल्या केंद्रातील संगणकावर सभासदाला ऊसनोंद, तोडणी व बिलाची माहिती मिळावी, कारखान्यावर खेटे घालावे लागू नयेत, हा उद्देश. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन विभागाने त्यांतील सात गावांत, केंद्रातल्या संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरील संदेशांतून तीच माहिती देण्याचा प्रयोग केला. आज खेपेचे वजन मोबाईलवर येते त्याची पाळेमुळे अशा प्रयोगांत आहेत. संदेश पाठवणे हेही एका लूपचेच काम : प्रत्येक खेप, आजच्या खेपांतली, सभासदाला कळव.

९. सभासदाने काय करावे?

लूप लिहिणे प्रत्येकाचे काम नाही. पण पुढील तीन गोष्टी प्रत्येकाने कराव्यात.

एक, प्रत्येक खेपेची काटा पावती जपून ठेवावी आणि बिलावरील खेपांची संख्या पावत्यांशी पडताळावी. आतली फेरी पुरी झाली की नाही, ते तेथे कळते. दोन, दोन फड असतील तर दोन्ही नोंदी बिलात आल्या आहेत का ते पाहावे. तीन, बिल राहिले असेल तर नुसते "पैसे आले नाहीत" असे न म्हणता "माझी नोंद अडलेल्या यादीत आहे का, आणि कोणता रकाना कोरा आहे?" असे विचारावे. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर द्यावेच लागते.

स्वाध्याय

१. मालवण किनाऱ्यावर रापण ओढून झाली. समजा, जाळ्याचे व होडीचे वाटे बाजूला काढून १८,००० रुपये उरले. यादीत माणसे आहेत, कोणाचा पूर्ण वाटा, कोणाचा अर्धा. सगळे मिळून २४ वाटे होतात, पण ते आधी कोणाला ठाऊक नाही. प्रत्येकाचे पैसे काढायला फेऱ्या किती लागतील?

२. तिसऱ्या खड्ड्यातील लूप सहा नोंदींवर चालवला तर किती बिले निघतील, आणि कोणती राहतील?

३. 'प्रत्येक नोंद' फिरवून फक्त खोडव्याचे वजन बेरजेत घ्यायचे आहे. 'एकूण = ०' कुठे लिहाल आणि 'जर' कुठे लिहाल?

उत्तरे : (१) दोन. पहिल्या फेरीत वाट्यांची बेरीज, मग फेरीबाहेर एका वाट्याचे ७५० रुपये, आणि दुसऱ्या फेरीत प्रत्येकाचे वाटप. बेरीज पुरी झाल्याशिवाय वाटप करता येत नाही. (२) तीन निघतील. दुसरी, चौथी व सहावी राहील. (३) 'एकूण = ०' फेरीच्या बाहेर, 'जर' फेरीच्या आत.

मुलांनी हे लूप आपापल्या संगणकावर उतरवून पाहावेत, आणि मुद्दाम एखाद्या नोंदीचे वजन कोरे ठेवून काय होते तेही बघावे. शंका असतील त्या आपल्या गट कार्यालयात लिहून द्याव्यात. पुढील पाठात यादीची क्रमवारी कशी लावतात ते पाहू, म्हणजे तोडणीत कोणाचा नंबर आधी आणि का, हा नेहमीचा वादाचा विषय आपण कागदावर मांडून बघू.